रुग्णालयातल्या जिवाणूंची वंशावळ

सोलापूरच्या रुग्णालयांत चार भाषा ऐकू येतात: मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी उर्दू. इंडी, आळंद, अफजलपूरहून माणसे येतात. तुळजापूर, उमरगा, नळदुर्गहून येतात. अक्कलकोट आणि मंगळवेढा तर जिल्ह्यातलेच. शहराच्या पूर्व भागातल्या विणकर आणि विडी कामगार कुटुंबांचा आधार म्हणजे सिव्हिल, म्हणजेच श्री छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय. १९६३ साली सुरू झालेले डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालय त्याला जोडलेले आहे. इतक्या दिशांनी येणारा गंभीर रुग्ण बहुधा थेट येत नाही. तालुक्याच्या दवाखान्यात दोन दिवस सलाईन, मग एखाद्या खासगी रुग्णालयाचा आयसीयू, आणि पैसे संपले की सिव्हिल. प्रत्येक मुक्कामी त्याला नवी सुई, नवी नळी, नवे इंजेक्शन लागते, आणि तिथले जिवाणू त्याच्या आतड्यात, त्वचेवर, लघवीच्या नळीत वस्तीला येतात. त्याची फाईल पुष्कळदा मागे राहते. जिवाणू मात्र त्याच्यासोबत पुढे येतात.

हे पुस्तक त्या जिवाणूंच्या प्रवासाबद्दल आहे. प्रतिजैविकांना दाद न देणारा जंतू एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर, एका रुग्णालयातून दुसऱ्यात कसा गेला, हे त्याच्या जनुकांतून वाचता येते. हे शास्त्र आता प्रयोगाच्या अवस्थेतून बाहेर आले आहे. मराठीत त्याबद्दल फारसे लिहिले गेलेले नाही, आणि ज्यांच्या हातात हा प्रवास थांबवणे आहे त्या सिस्टर, तंत्रज्ञ, निवासी डॉक्टर आणि छोट्या रुग्णालयांचे मालक यांच्यापैकी बहुतेक जण मराठीतच विचार करतात. त्यांच्यासाठी हे लिहिले आहे.

प्रश्नाचा आवाका सांगायला एकाच अभ्यासाचे आकडे पुरेत. जानेवारी २०२२ मध्ये ‘लॅन्सेट’ने छापलेल्या जागतिक अभ्यासाचा अंदाज असा, की २०१९ या एका वर्षात १२ लाख ७० हजार माणसे थेट औषधांना न जुमानणाऱ्या जिवाणूंमुळे दगावली, आणि ४९ लाख ५० हजार मृत्यूंमध्ये या जिवाणूंचा काही ना काही हात होता. असे आकडे वाचून माणूस सुन्न होतो. उद्या सकाळी वॉर्डात काय वेगळे करायचे ते त्यातून कळत नाही. म्हणून या पुस्तकात जगाचे आकडे थोडे आहेत आणि वॉर्डाचा तपशील जास्त आहे.

प्रतिजैविके नव्हती तेव्हाचे जग कसे होते, हे सांगायला सोलापूरकराला इतिहासात फार लांब जावे लागत नाही. डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचा जन्म इथलाच, १० ऑक्टोबर १९१० चा. १९३८ साली भारतीय वैद्यकीय पथकातून ते चीनला गेले, आणि पुढे ज्या रुग्णालयाचे संचालक झाले त्याला डॉ. नॉर्मन बेथून यांचे नाव दिलेले होते. कॅनडाचे हे निष्णात शल्यचिकित्सक युद्धभूमीवर काम करत होते, पण त्यांचा मृत्यू गोळीने झाला नाही. शस्त्रक्रिया करताना बोट कापले, जखमेतून जंतू आत गेले, रक्तात पसरले, आणि नोव्हेंबर १९३९ मध्ये ते गेले. पेनिसिलीन तेव्हा अजून रुग्णापर्यंत पोहोचलेले नव्हते. पुढच्या पंधरा-सोळा वर्षांत चित्र किती पालटले पाहा: १९५४ मध्ये पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला आणि १९५५ पासून महाराष्ट्राच्या मातीत पेनिसिलीन तयार होऊ लागले. सिझेरियन, सांधेरोपण, केमोथेरपी, कमी दिवसांच्या बाळांची काळजी, हे सगळे त्या औषधांच्या भरवशावर उभे आहे. आज एखाद्या ब्लड कल्चरच्या रिपोर्टवर औषधांच्या यादीसमोर वरपासून खालपर्यंत ‘रेझिस्टंट’ असे छापून येते आणि मूत्रपिंडाला जड जाणाऱ्या कोलिस्टिनखेरीज हाताशी काही उरत नाही, तेव्हा तो रुग्ण बेथून यांच्याच परिस्थितीत परत गेलेला असतो.

हा रिपोर्ट येतो कसा, ते आधी समजून घ्यावे लागेल. रुग्णाच्या रक्ताची बाटली यंत्रात ठेवली जाते. जंतू वाढला की तो थाळीवर घेतात, ओळखतात आणि मग कोणत्या औषधाने त्याची वाढ थांबते ते पाहतात. नमुना घेतल्यापासून या सगळ्याला साधारण दोन ते तीन दिवस जातात. या रुग्णाला कोणते औषध द्यावे, हे त्या कागदावरून कळते. पण चौथ्या खाटेवरचा क्लेब्सिएला नावाचा जिवाणू आणि नवव्या खाटेवरचा क्लेब्सिएला एकच आहे का, हे त्यातून कळत नाही. दोघांच्या रिपोर्टवर तीच औषधे निकामी दिसतील, तरी ते दोन अगदी वेगळ्या घराण्यांतले असू शकतात. उलट, एकाच घराण्यातल्या दोन जिवाणूंचे रिपोर्ट थोडे वेगळेही येऊ शकतात. लागण कुठून आली हे ठरवायचे असेल तर रिपोर्टच्या पलीकडे जाऊन जिवाणूची पूर्ण जनुकीय संहिता वाचावी लागते. क्लेब्सिएलाची संहिता सुमारे ५५ लाख अक्षरांची असते. माणसाच्या ३०० कोटींच्या मानाने ती लहान, म्हणूनच ती काही दिवसांत आणि आवाक्यातल्या खर्चात वाचता येते.

त्या वाचनाचा उपयोग कसा होतो, हे समजायला महाराष्ट्राकडे एक फार चांगले उदाहरण आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. त्यासाठी १,२५९ हस्तलिखिते ताडून पाहिली गेली. डॉ. वि. सी. सुखठणकरांनी घालून दिलेल्या पद्धतीचे मर्म असे: नकल करणारा चुकतो, त्याची चूक पुढच्या नकलेत उतरते, आणि म्हणून ज्या दोन पोथ्यांत तीच ती चूक सापडते त्यांचे मूळ एक असण्याचा संभव मोठा. जिवाणू विभागतो तेव्हा तोही स्वतःची नकल करतो. लाखो अक्षरांत वर्षाकाठी मोजकीच अक्षरे चुकतात. दोन रुग्णांकडून मिळालेल्या जिवाणूंत दहा-वीस अक्षरांपलीकडे फरक नसेल तर त्यांचे मूळ अगदी अलीकडे एक होते, बहुधा त्याच वॉर्डात. फरक हजारोंचा असेल तर दोघांची भेट झालेलीच नाही. कोणत्या चुका कोणात समान आहेत ते मांडत गेले की वंशावळ तयार होते, आणि वंशावळीला तारखा व खाटांचे क्रमांक जोडले की लागणीची वाट दिसते.

अशी वाट दिसल्याने काय बदलते, याची सर्वांत बोलकी हकीकत अमेरिकेतली आहे. २०११ च्या उन्हाळ्यात बेथेस्डा येथील राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या रुग्णालयात कार्बापेनेम या राखीव प्रतिजैविकांना न जुमानणारा क्लेब्सिएला असलेली एक रुग्ण दाखल झाली. हे माहीत असल्याने तिला पहिल्या दिवसापासून वेगळे ठेवले गेले. ती बरी होऊन घरी गेली. तिच्या सुट्टीनंतर तीन आठवड्यांनी तोच प्रकार दुसऱ्या रुग्णात सापडला, मग आठवड्यामागून आठवडा एकेक. एकूण १८ जणांना लागण झाली, ११ दगावले, त्यांतले ६ थेट या जंतूने. मधल्या तीन आठवड्यांच्या खंडामुळे हा जंतू बाहेरून नव्याने आला असावा असे वाटणे साहजिक होते. जनुके वाचल्यावर कळले की सगळे जिवाणू पहिल्या रुग्णाच्याच जंतूचे वंशज आहेत, तिच्याकडून ते तीन वेगवेगळ्या वेळी बाहेर पडले, आणि मधल्या काळात काही रुग्ण कोणतेही लक्षण नसताना त्यांना आतड्यात बाळगून होते. बेसिनच्या ड्रेनमध्ये आणि स्वच्छ केलेल्या एका व्हेंटिलेटरवरही तो जंतू मिळाला. मला या हकिकतीत सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो लक्षणे नसलेला वाहक. तापाच्या रुग्णाची सगळ्यांना भीती असते. ज्याला ताप नाही त्याच्या युरिन बॅगेला हात लावून तसेच पुढच्या खाटेकडे जाणे मात्र अंगवळणी पडलेले असते.

ही एका नामांकित रुग्णालयाची गोष्ट झाली. युरोपातल्या ३२ देशांतील २४४ रुग्णालयांतून गोळा केलेल्या १,७०० हून अधिक क्लेब्सिएलांची जनुके वाचून २०१९ साली जो अभ्यास प्रसिद्ध झाला, त्याचाही निष्कर्ष त्याच दिशेचा होता: या जंतूंच्या प्रसाराचे मुख्य ठिकाण रुग्णालय हेच आहे, आणि एका रुग्णालयातून दुसऱ्याकडे रुग्ण पाठवताना ते सोबत जातात. सोलापूरसारख्या शहराने या निष्कर्षाकडे काळजीपूर्वक पाहायला हवे. महाराष्ट्र-कर्नाटक सीमेच्या दोन्ही बाजूंच्या पाच-सहा जिल्ह्यांचा रुग्ण जिथे एकत्र येतो आणि बरा होऊन पुन्हा पांगतो, तिथल्या आयसीयूत रुजलेला जंतू त्या सगळ्या टापूचा होतो. माझे मत असे आहे की जनुकीय पाळत सर्वांत आधी अशा ठिकाणी हवी. महानगरांतल्या मोठ्या संस्था आपापल्या जंतूंचा अभ्यास करतातच. रुग्णांच्या वाटा जिथे एकमेकींना मिळतात त्या मधल्या शहरांत मात्र कोणी पाहत नाही.

भारतात हे काम सुरू झाले आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचे प्रतिजैविक-प्रतिरोध पाळत जाळे २०१३ पासून चालते. जनुके वाचण्याच्या बाबतीत एका जागतिक प्रकल्पाची भारतातली भागीदार म्हणून बंगळुरूच्या केम्पेगौडा वैद्यकीय संस्थेच्या मध्यवर्ती संशोधन प्रयोगशाळेने मोलाचे काम केले. २०१४ ते २०१९ या काळातल्या भारतीय क्लेब्सिएलांत एसटी २३१, एसटी १४७ आणि एसटी १४ ही तीन घराणी प्रामुख्याने आढळली. ही नावे रुक्ष वाटतात, पण ती माहीत असण्याचा फायदा आहे. उद्या आपल्या वॉर्डात एसटी २३१ चे पाच नमुने सापडले तर केवळ नाव सारखे म्हणून साथ आली असे धरता येत नाही, कारण हे घराणे देशभर पसरलेले आहे. नाव कळल्यावरही अक्षरन् अक्षर ताडून पाहावे लागते.

गुंतागुंत आणखी एका कारणाने वाढते, आणि पुस्तकाचा सर्वांत लांब भाग मी त्यासाठी राखला आहे. प्रतिरोधाची जनुके बऱ्याचदा जिवाणूच्या मुख्य संहितेत नसतात. ती प्लास्मिड नावाच्या डीएनएच्या सुट्या वर्तुळांवर असतात, आणि ही वर्तुळे एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे जातात, तेही जात न पाहता. क्लेब्सिएलाकडचे प्लास्मिड ई. कोलाय या दुसऱ्याच जिवाणूला मिळते. मग एका वॉर्डात क्लेब्सिएलाचे दोन रुग्ण आणि ई. कोलायचे तीन असे पाच वेगळे आजार दिसतात, पण साथ एकच असते, प्लास्मिडची. डीएनएचे छोटे तुकडे वाचणाऱ्या यंत्रांना हे वर्तुळ नीट जुळवता येत नाही, त्यासाठी लांब तुकडे वाचणारे तंत्र लागते. त्या भागातल्या आकृत्या घाईने ओलांडू नयेत अशी विनंती आहे.

एनडीएम-१ हे असेच प्लास्मिडवरून फिरणारे, कार्बापेनेम निकामी करणारे जनुक. त्याचा इतिहास महाराष्ट्राने विसरू नये. २००८ मध्ये स्वीडनमधल्या एका भारतीय वंशाच्या रुग्णात ते प्रथम सापडले. तो त्याआधी नवी दिल्लीत रुग्णालयात होता, म्हणून जनुकाला त्या शहराचे नाव मिळाले. ऑगस्ट २०१० मध्ये भारत, पाकिस्तान आणि ब्रिटनमधले नमुने घेऊन आंतरराष्ट्रीय शोधनिबंध ‘लॅन्सेट’ समूहाच्या नियतकालिकात आला तेव्हा देशात मोठा गदारोळ झाला: भारताच्या वैद्यकीय पर्यटनाविरुद्ध कारस्थान, देशाची बदनामी. पुढे ‘लॅन्सेट’च्या संपादकांनी नावाबद्दल दिलगिरीही व्यक्त केली. पण त्या गदारोळाच्या काही महिने आधी, मार्च २०१० मध्ये, मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉक्टरांनी भारतीय फिजिशियन संघटनेच्या नियतकालिकात शांतपणे लिहून ठेवले होते की तीन-चार महिन्यांत तपासलेल्या कार्बापेनेम-प्रतिरोधी २४ जिवाणूंपैकी २२ मध्ये एनडीएम-१ आहे. आपल्याच रुग्णालयातले जंतू आपण होऊन तपासायचे आणि जे सापडले ते स्वतःच्या नावाने छापायचे, याला धैर्य लागते. नावावरून भांडण्यात गेलेला वेळ त्या २२ नमुन्यांच्या मागे लागण्यात गेला असता तर बरे झाले असते, असे मला आजही मनापासून वाटते.

जनुक-वाचन हा शब्दप्रयोग लोकांना आता परका राहिलेला नाही. २०२१ मध्ये ‘जिनोम सिक्वेन्सिंग’ हे शब्द रोजच्या वर्तमानपत्रात होते. पुण्याच्या बै. जी. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. राजेश कार्यकर्ते यांच्या समन्वयाखाली राज्यभरातल्या कोविडच्या नमुन्यांची जनुके वाचली जात होती. म्हणजे यंत्रे आहेत, हात तयार आहेत, नमुने जिल्ह्यांतून पुण्याला नेण्याची सवय झाली आहे. जिवाणूंचे काम मात्र एका बाबतीत अवघड आहे. कोविडचा विषाणू घशाच्या स्वॅबमधून थेट वाचता येत होता. इथे आधी जिवाणू थाळीवर वाढवावा लागतो, आणि रुग्णाला प्रतिजैविकाचा डोस आधीच गेला असेल तर तो पुष्कळदा वाढत नाही.

माझा सगळा आग्रह इथे येऊन थांबतो. पहिल्या डोसआधी कल्चर. तालुक्याच्या दवाखान्यात, खासगी आयसीयूत, सिव्हिलच्या कॅज्युअल्टीत, सगळीकडे. रात्री दोन वाजता रुग्ण अत्यवस्थ असतो, नातेवाईक घाबरलेले असतात, कल्चरची बाटली कपाटात कुलुपात असते, आणि मेरोपेनेमसारखे कार्बापेनेम मात्र लगेच हाताशी असते. त्या क्षणी बाटली हाताशी असणे हे लाखो रुपयांच्या यंत्रापेक्षा मोलाचे आहे. म्हणून सोलापुरात लगेच सिक्वेन्सर घ्यावा असे मी या पुस्तकात म्हटलेले नाही. यंत्र आले, त्याचे रसायन महाग, वापर कमी, आणि शेवटी त्यावर कापड घातले गेले, असे व्हायला नको. जिल्ह्याने कल्चर वाढवावे, जंतू जपून ठेवावेत, त्यांवर तारीख, वॉर्ड आणि खाट लिहावी, आणि वाचनासाठी पुण्याला पाठवावेत. निकाल आल्यावर संसर्ग नियंत्रण समितीने बेसिन, नळ्या, व्हेंटिलेटर, हात यांकडे पुन्हा पाहावे. पाणी काही दिवसांआड येणाऱ्या शहरात हात धुण्याचा उपदेश सोपा नाही, हे मला ठाऊक आहे. पण प्रत्येक खाटेच्या पायथ्याशी अल्कोहोलयुक्त हँडरबची बाटली ठेवायला पाण्याची वाट पाहावी लागत नाही. आणि रुग्ण पुढे पाठवताना रेफरच्या चिठ्ठीवर ‘कार्बापेनेम-प्रतिरोधी जंतू आढळला’ एवढे लिहायला पेनाखेरीज काही लागत नाही.

रुग्णालयाबाहेरचा भाग मी थोडक्यात आवरला आहे. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ऋषिकेश-हरिद्वारला यात्रेच्या हंगामात गंगेच्या पाण्यातले एनडीएम-१ चे प्रमाण इतर काळापेक्षा कितीतरी पटींनी वाढलेले दिसले. ज्या जिल्ह्यात पंढरपूर आहे त्या जिल्ह्याने आषाढीच्या आधी आणि नंतर चंद्रभागेचे पाणी याच दृष्टीने तपासावे, असे मला वाटते. वारकऱ्यांसाठी शौचालये आणि सांडपाण्याची सोय हा मग श्रद्धेइतकाच वैद्यकाचाही विषय ठरतो. कोंबड्यांच्या खाद्यात वाढीसाठी घातल्या जाणाऱ्या कोलिस्टिनवर केंद्र सरकारने जुलै २०१९ मध्ये बंदी घातली, त्याचाही उल्लेख त्या भागात आहे.

शेवटचे प्रकरण लिहायला मला सर्वांत जास्त वेळ लागला, कारण त्यात एका नातेवाईकाचा प्रश्न आहे: “डॉक्टर, आमच्या माणसाला हे इथेच लागले का?” आजवर या प्रश्नाला ‘सांगता येत नाही’ असे उत्तर देता येत होते आणि ते खरेही होते. जनुके वाचल्यावर ते खरे राहत नाही. १९९५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापासून पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते, त्यामुळे असा पुरावा तयार होण्याचीच खासगी रुग्णालयांना धास्ती वाटते. सरकारी रुग्णालयात धास्ती वेगळी असते: चौकशी लागेल आणि सगळ्यांत खालच्या माणसावर, फरशी पुसणाऱ्या मावशींवर किंवा रात्रपाळीच्या सिस्टरवर, येऊन थांबेल. केंब्रिजच्या एका नवजात शिशू विभागात २०११ मध्ये एमआरएसए या प्रतिरोधी जंतूची साथ आली, तेव्हा जनुके वाचून शोध घेतल्यावर तो जंतू एका कर्मचाऱ्याच्या शरीरावर सापडला. त्या व्यक्तीचे नाव बाहेर आले नाही. तिच्यावर उपचार केले गेले आणि साथ आटोक्यात आली. आपल्याकडेही हेच व्हायला हवे. जनुक-वाचनातून मिळालेली माहिती संसर्ग थांबवण्यासाठीच वापरली जाईल, ती कोणा एका कर्मचाऱ्याच्या शिक्षेचा आधार होणार नाही, असे लेखी संरक्षण राज्याने द्यावे. ते मिळेपर्यंतही नातेवाईकाला खरे उत्तर द्यावे, असे माझे ठाम मत आहे. त्या उत्तराचे शब्द कसे असावेत, ते कोणी आणि केव्हा सांगावे, पुढच्या खाटेवरच्या रुग्णासाठी आपण काय बदलले हे त्यात कसे यावे, याचा नमुना मराठीत, आणि सोलापूरसाठी कन्नड व तेलुगूतही, त्या प्रकरणाच्या शेवटी दिला आहे.